विश्लेषण : तार छावणीवर हल्ला करणारे बाबुराव शेडमाके कोण होते? गडचिरोलीतील मोबाईल टॉवरशी त्यांच्या कहाणीचा संबंध काय?

चंद्रपूरच्या कारागृह परिसरातील पिंपळाच्या झाडाजवळ दरवर्षी २१ ऑक्टोबरला लोक जमतात. १८५८ मध्ये याच दिवशी चांदा येथे बाबुराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. तेव्हा ते अवघे २५ वर्षांचे होते. गोंडवानातील १८५७-५८ च्या उठावाचे नायक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. मात्र या उठावातील ज्या घटनेने इंग्रज प्रशासन सर्वाधिक हादरले, ती प्राणहिता नदीकाठच्या तार खात्याच्या छावणीवर घडली होती. तार कोणाची, ती कोणाच्या जमिनीवरून जाणार आणि त्यासाठी कोणाला विचारायचे, हे प्रश्न या भागात तेव्हापासून आहेत. शेडमाके यांचा जीवनप्रवास आणि पुढे दूरसंचार कायद्यांत झालेले बदल यांवर दृष्टिक्षेप.

बाबुराव शेडमाके कोण होते?

बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात किष्टापूर येथे झाला. वडील पुल्लेसूरबापू हे राजगोंड घराण्यातील आणि मोलमपल्लीचे जमीनदार. या जमीनदारीत २४ गावे होती. आईचे नाव जुर्जाकुंवर. बाबुरावांचे सुरुवातीचे शिक्षण गोटुलमध्ये झाले. तिथे तिरकमठा, गोफण आणि तलवार चालवण्याचे शिक्षण त्यांना मिळाले. पुढे काही काळ ते रायपूरला इंग्रजी शाळेत शिकले. गोटुल आणि इंग्रजी शाळा, दोन्हींची ओळख असलेला हा तरुण शिक्षणानंतर मोलमपल्लीला परतला. राजकुंवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून चांदा हा एकच भाग होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. चांद्याच्या पूर्वेकडील जंगलपट्टा अनेक जमीनदारींत विभागलेला होता. त्यात अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारसाविना मरण पावले आणि ईस्ट इंडिया कंपनीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदाही कंपनीकडे गेला. डिसेंबर १८५४ मध्ये आर. एस. एलिस यांनी चांद्याचे पहिले उपायुक्त म्हणून सूत्रे घेतली. जमीनदार कायम राहिले, पण त्यांच्या डोक्यावर आता नवा, कागदावर चालणारा अंमल आला होता.

त्याच वर्षी तारेचा कायदा का झाला?

नागपूर खालसा झाले, त्याच १८५४ मध्ये भारतातील तारेचा पहिला कायदा झाला. विल्यम ओशॉनेसी यांनी १८५०-५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर या मार्गावर प्रायोगिक तार टाकली होती. त्यानंतर काही वर्षांतच कोलकाता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडले गेले. फेब्रुवारी १८५५ पासून सामान्यांनाही पैसे भरून तार पाठवता येऊ लागली. मात्र तार उभारण्याचा आणि चालवण्याचा अधिकार १८५४ च्या कायद्याने फक्त सरकारकडे ठेवला. इतर कोणाला तार टाकायची असेल तर सरकारचा परवाना लागणार होता. भारतातील दूरसंचाराची परवाना पद्धत इथून सुरू झाली.

देशातील पहिला वन कायदा १८६५ चा. म्हणजे सरकारने जंगलावर कायद्याने हक्क सांगण्याच्या ११ वर्षे आधी तारेवर हक्क सांगितला होता. या घाईचे कारण १८५७ मध्ये स्पष्ट झाले. दिल्लीत उठाव पोहोचल्याची बातमी ११ मे रोजी तेथील तारबाबूंनी अंबाल्याला कळवली आणि पंजाबातील इंग्रज अधिकारी वेळीच सावध झाले. घोडेस्वाराला जे अंतर कापायला दिवस लागत, ते तार काही मिनिटांत कापत होती. उत्तरेत उठाव करणाऱ्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या, त्या यामुळेच.

उठाव कसा सुरू झाला?

उत्तरेतील बातम्या चांद्यापर्यंत पोहोचत होत्या. बाबुरावांनी सप्टेंबर १८५७ मध्ये गोंड, माडिया आणि रोहिले तरुणांना एकत्र करून सुमारे ५०० जणांचे दल उभारले. ते ‘जंगोम दल’ म्हणून ओळखले जाते. ७ मार्च १८५८ रोजी या दलाने राजगड परगणा ताब्यात घेतला. चांद्याचे तत्कालीन उपायुक्त कॅप्टन क्रिक्टन यांनी फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरी येथे लढाई झाली आणि त्यात बाबुरावांची सरशी झाली.

यानंतर अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव राजेश्वर हे बाबुरावांना येऊन मिळाले. गढीसुर्ला येथील डोंगरावर त्यांनी ठाण मांडले. तिथे इंग्रज फौजेने वेढा घातला, तेव्हा वरून दगड लोटून तो परतवण्यात आला. एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामनपेठ येथे चकमकी झाल्या. फौजेकडे बंदुका आणि शिस्त होती, तर बाबुरावांकडे जंगलाची माहिती. त्यामुळे दोन महिने इंग्रजांना त्यांच्यापर्यंत पोहोचता आले नाही.

चिंचगुंडीला काय घडले?

प्राणहिता नदीकाठी चिंचगुंडी येथे तार खात्याच्या कर्मचाऱ्यांची छावणी होती. २९ एप्रिल १८५८ रोजी उठावकऱ्यांनी तिच्यावर हल्ला केला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा सहकारी निसटला आणि त्याने क्रिक्टन यांना गाठून घडला प्रकार सांगितला.

मारले गेलेले दोघे सैनिक नव्हते, तार खात्याचे नोकर होते. ही बाब नजरेआड करता येत नाही. पण त्या काळातील तार खाते म्हणजे सरकारच होते. कायद्याने तार पूर्णपणे सरकारची होती आणि तिचा पहिला उपयोगही फौज, महसूल आणि प्रशासन यांनाच होता. नदीकाठच्या गावांना तिचा काहीच उपयोग नव्हता. छावणी जिथे होती तो मुलूख जमीनदारांचा आणि तिथल्या गावांचा, पण तार टाकण्यासाठी त्यांची संमती घेण्याची तरतूद कुठेच नव्हती. राजगड परगण्यातील लढाया इंग्रजांसाठी स्थानिक बंड होत्या. चिंचगुंडीनंतर हा विषय दोन इंग्रजांच्या हत्येचा झाला आणि बाबुरावांना पकडणे प्रशासनासाठी प्रतिष्ठेचे ठरले.

बाबुराव पकडले कसे गेले?

फौज पाठवून उपयोग होत नाही हे दिसल्यावर क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. बाबुरावांना पकडून न दिल्यास त्यांची जमीनदारीही धोक्यात येणार होती. भोपाळपट्टणमच्या बाजूला बाबुराव एकदा लक्ष्मीबाईंच्या माणसांच्या हाती लागले, पण तिथून निसटले. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी ते पकडले गेले. त्यांना चांद्याला आणून खटला चालवण्यात आला आणि २१ ऑक्टोबर रोजी फाशी देण्यात आली. फाशीचा दोर अनेकदा तुटला, अशी लोककथा या भागात आजही सांगितली जाते.

यानंतर ११ दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला. कंपनीचा कारभार संपून भारत थेट ब्रिटिश राजसत्तेखाली आला. उठावात सहभागी झालेल्यांना जाहीरनाम्यात माफी देण्यात आली, मात्र ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत सामील असलेल्यांना त्यातून वगळले होते. चिंचगुंडीच्या घटनेमुळे बाबुराव हयात असते तरी या माफीचा लाभ त्यांना मिळणे अवघड होते. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले, पण १८६० मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. बाबुरावांची २४ आणि व्यंकटरावांची ६७ गावे लक्ष्मीबाईंना देण्यात आली.

त्यानंतर तारेचा कायदा कसा बदलला?

१८८५ मध्ये भारतीय तार कायदा आला. सरकारची मक्तेदारी आणि परवान्याची अट त्याने कायम ठेवली. शिवाय कोणत्याही स्थावर मालमत्तेवरून तार नेण्याचा आणि खांब रोवण्याचा अधिकार तार खात्याला दिला. जमिनीची मालकी खात्याकडे जात नसे. नुकसान झाल्यास भरपाई मिळे, पण मालकाचा विरोध असल्यास जिल्हा दंडाधिकारी परवानगी देऊ शकत होते. तारेची मोडतोड हा गुन्हा ठरला. पुढे टेलिफोन, मोबाईल आणि इंटरनेट याच कायद्याखाली चालले.

मक्तेदारीला पहिली मोठी फट पडली ती १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने. खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाईल कॉल झाला. १९९७ मध्ये ‘ट्राय’ ही नियामक संस्था स्थापन झाली. लिलावात बोललेले परवाना शुल्क कंपन्यांना झेपेना, तेव्हा १९९९ च्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली. १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएल अस्तित्वात आली.

उदारीकरणानंतरही जंगलात रेंज का आली नाही?

याचे उत्तर परवान्याच्या रचनेत आहे. परवाना संपूर्ण सर्कलचा असे. मुंबईचे सर्कल वेगळे आणि पुणे, नागपूरपासून गडचिरोलीपर्यंतचा भाग महाराष्ट्र सर्कलमध्ये. नंतरच्या परवान्यांत पहिल्या वर्षी १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालयांत सेवा देण्याची अट होती. ही मुख्यालये कोणती, हे कंपनीनेच ठरवायचे होते. म्हणजे निम्मे जिल्हे सोडूनही अट पूर्ण होत होती. टॉवर उभारण्याचा खर्च जंगलात जास्त आणि ग्राहक कमी. त्यामुळे कंपन्या आधी शहरांकडे गेल्या. मक्तेदारीच्या काळात तार सरकारच्या गरजेने आली होती, तर उदारीकरणात टॉवर ग्राहकसंख्येच्या मागे गेला. भामरागड, एटापल्लीसारखे तालुके दोन्ही हिशेबांत शेवटी राहिले.

यावर उपाय म्हणून १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी सुरू झाला. कंपन्यांच्या समायोजित महसुलातील पाच टक्के रक्कम यात जमा होते. २००६ च्या दुरुस्तीनंतर हा पैसा ग्रामीण मोबाईल सेवेसाठीही वापरता येऊ लागला. याच निधीतून २०१४ मध्ये मंजूर योजनेत महाराष्ट्रासह दहा राज्यांतील नक्षलग्रस्त भागांत बीएसएनएलने दोन हजारांहून अधिक टॉवर उभारले. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांसाठी फोर-जी योजनेला मंजुरी मिळाली.

नक्षलवाद्यांनी टॉवर जाळल्याच्या घटनाही गडचिरोलीत घडल्या आहेत. मात्र त्यांची चिंचगुंडीशी तुलना चुकीची ठरेल. १८५८ मधील तार गावाच्या उपयोगाची नव्हती. आजचा टॉवर जळाला, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, रेशनची ई-पॉस नोंद आणि मुलांचे ऑनलाइन अर्ज अडतात आणि त्याची झळ गावालाच बसते.

मग परवानगी आता कोणाची?

या प्रश्नावर सर्वांत मोठा बदल २००६ च्या वनहक्क कायद्याने झाला. शाळा, दवाखाना, वीज आणि दूरसंचार वाहिन्या अशा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागणार असेल, तर ती वळवता येते, मात्र त्यासाठी ग्रामसभेची शिफारस आवश्यक आहे. झाडे तोडण्यावरही हेक्टरी ७५ ची मर्यादा आहे. याच कायद्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळाले.

दूरसंचार कायदा, २०२३ हा १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आणला गेला. त्याची अनेक कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली असून सार्वत्रिक सेवा निधीचे नाव आता डिजिटल भारत निधी आहे. खासगी जमिनीवर टॉवर किंवा केबलसाठी कंपनीने मालकाशी करार करायचा आहे. करार झाला नाही आणि काम सार्वजनिक हिताचे आहे असे सरकारला वाटले, तर मार्ग देण्याचा अधिकार सरकारकडे राहतो. जंगलातील गावांसाठी म्हणूनच वनहक्क कायद्यातील ग्रामसभेची शिफारस महत्त्वाची आहे. टॉवर लवकर हवा म्हणून ही पायरी कागदोपत्री उरकली जाते की खरोखर गावात बसून चर्चा होते, यावर तिचा अर्थ ठरतो.

सरकारी तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्याआधी, २००९ मध्ये, टपाल खात्याने बाबुराव शेडमाके यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. १९८५ पर्यंत टपाल आणि तार हे एकच खाते होते. ज्या खात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्याच्याच वारसाने अखेर त्यांचा सन्मान केला.