डोरेमॉनला निरोप देऊन महिन्याभरात परत आणणारा माणूस

2014 मध्ये ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ थ्रीडीत आला आणि लहानपणी डोरेमॉन पाहिलेल्या अनेकांचे डोळे पाणावले. पण रडवणारे ते प्रसंग नवे नव्हतेच. ते लिहिणारा माणूस 18 वर्षांपूर्वीच गेला होता.

त्याचं नाव हिरोशी फुजिमोतो. जन्म 1933 चा, जपानमधल्या ताकाओकाचा. अंगाने किरकोळ आणि खेळात कच्चा, अगदी नोबितासारखा. शाळेत त्याला मोतोओ अबिको हा चित्रवेडा दोस्त भेटला. 1954 मध्ये दोघांनी टोकियो गाठलं आणि ‘फुजिको फुजिओ’ या एकाच नावाने कॉमिक्स काढली.

1969 च्या डिसेंबरमध्ये डोरेमॉन एकाच वेळी सहा मासिकांत सुरू झाला. 1973 ची टीव्ही मालिका मात्र सहा महिन्यांत गुंडाळली गेली.

1974 मध्ये फुजिमोतोंनी थेट निरोपच लिहिला. डोरेमॉन भविष्यात परत जाणार असतो. त्याने निश्चिंत मनाने जावं म्हणून नोबिता एकही गॅजेट न वापरता जियानला भिडतो. मार खातो, पण हटत नाही.

पुढच्याच महिन्यात फुजिमोतोंनी डोरेमॉनला परत आणलं.

1979 मध्ये दुसरी मालिका आली आणि ती तुफान चालली. भारतातल्या मुलांनी ती हिंदीतही पाहिली.

23 सप्टेंबर 1996 रोजी, 62 व्या वर्षी फुजिमोतो गेले. हातातलं डोरेमॉनचं कॉमिक अर्धवट होतं, ते सहायकांनी पूर्ण केलं. 2005 मध्ये मालिका नव्या आवाजांत पुन्हा सुरू झाली. 2014 च्या सिनेमात नोबिता पुन्हा जियानला भिडला.

डोरेमॉनचा कायमचा शेवट मात्र फुजिमोतोंनी कधीच लिहिला नाही.