हिराबाई बडोदेकर

हिराबाई बडोदेकर (जन्म : मे १९०५, मिरज, मृत्यू : २० नोव्हेंबर १९८९) या हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याच्या ख्यातनाम गायिका व संगीत रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या. स्त्रीने रंगमंचावर बसून तिकीट लावलेली जाहीर मैफल करावी, ही प्रथा महाराष्ट्रात प्रतिष्ठित करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते.

बालपण आणि कुटुंब

हिराबाईंचे वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ हे किराणा घराण्याचे अध्वर्यू. बडोदे दरबारी असताना त्यांच्याकडे सरदार माने घराण्यातील ताराबाई गाणे शिकत होत्या. पुढे दोघांनी बडोदे सोडले व संसार थाटला. हिराबाईंचे मूळ नाव चंपाकली. थोरले बंधू अब्दुल रहमान, धाकट्या बहिणी सकीना आणि गुलाब अशी ही भावंडे होती. खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले. शिष्य गुरुगृहीच राहत, त्यामुळे मुलांच्या कानांवर स्वर सतत पडत असत.

असे असूनही आपल्या मुलीने गायिका व्हावे, अशी ताराबाईंची इच्छा नव्हती. त्या काळी गाणाऱ्या स्त्रीकडे समाज ज्या दृष्टीने पाहत असे, ती त्यांना ठाऊक होती. हिराबाईंनी शिकून डॉक्टर व्हावे, असे त्यांच्या मनात होते, असे सांगितले जाते.

पुढे ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या. त्यांनी मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई झाली, सकीना सरस्वती आणि गुलाब कमला. सुरेशबाबूंनी आईकडचे माने हे आडनाव लावले, तर हिराबाईंच्या नावापुढे आईचे गाव आले. वडील अशा रीतीने घरातून गेले, तरी त्यांचा स्वरलगाव मात्र मुलांच्या गळ्यात राहिला.

तालीम

हिराबाईंचे पहिले गुरू सुरेशबाबू. बहिणीचा ओढा पाहून त्यांनी तिला शिकविण्यास आरंभ केला. त्यानंतर किराणा घराण्यातीलच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम हिराबाईंना लाभली. ते नात्याने अब्दुल करीम खाँ यांचे आप्त होते, मात्र दोघांच्या गायकीत अंतर होते. वहीद खाँ एकेक स्वर घोळवीत अतिविलंबित लयीत रागाचा विस्तार करीत आणि एकच राग दीर्घकाळ गात. करीम खाँ यांच्या गाण्यात आर्जव होते व ठुमरी, नाट्यपदे यांनाही त्यांनी दूर लोटले नव्हते.

हिराबाईंनी यांपैकी एकाचेही अनुकरण केले नाही. वहीद खाँ यांच्याकडून त्यांनी स्वर-स्वर बढतीची शिस्त घेतली, पण तिला आटोपशीर केले. करीम खाँ यांच्या गाण्यातील मार्दव त्यांच्या आवाजात उपजतच होते. हा आवाज नाजूक, उंच पट्टीचा आणि सुरेल होता. तानांचा आवेग किंवा लयकारीचे चमत्कार त्याला मानवणारे नव्हते आणि ते साधण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. हाच त्यांच्या रुचीचा खरा निर्णय म्हणता येईल. तंत्राच्या कसोटीवर गाणे जोखणाऱ्यांना यात उणेपणा जाणवणे शक्य आहे, परंतु सुरेलपणाची जी छाप श्रोत्यांवर पडे, ती याच संयमामुळे.

त्या ख्यालाबरोबर ठुमरी, नाट्यपद, भावगीत व भजन एकाच मैफलीत गात. मैफलीत त्या साधी साडी नेसून, पदर अंगाभोवती घेऊन, हातवारे न करता स्थिर बसत. बैठकीच्या गाण्यातील स्त्रीकडून अदाकारीची अपेक्षा असण्याच्या काळात ही राहणी लक्षणीय होती. स्वतःच्या मैफलींची तिकिटे विकून त्यांनी मध्यमवर्गीय कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, सभागृहापर्यंत आणले. ताराबाईंची धास्ती ज्या समाजाविषयी होती, तोच हा श्रोतृवर्ग होता.

रंगभूमी व चित्रपट

भावंडांनी मिळून काढलेल्या नाटक मंडळीत हिराबाई नायिकेच्या भूमिका करीत. संगीत सौभद्रमधील त्यांची सुभद्रा गाजली. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची प्रथा तेव्हा प्रबळ होती. मंडळी आर्थिकदृष्ट्या टिकली नाही व तिच्या कर्जाचा भार हिराबाईंनी मैफली करून हलका केला. प्रतिभा (१९३७) या चित्रपटातही त्यांनी काम केले.

उत्तरायुष्य

सुरेशबाबूंचे १९५३ मध्ये निधन झाले. धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे यांच्यासह हिराबाईंनी केलेले सहगायन रसिकांच्या विशेष आवडीचे ठरले. दोन स्त्रियांनी ख्यालाची जुगलबंदी करणे ही गोष्ट तेव्हा नवी होती. सुरेशबाबूंच्या पश्चात प्रभा अत्रे यांनी हिराबाईंकडे आपली तालीम पुढे चालू ठेवली.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९६५ मध्ये व पद्मभूषण हा किताब १९७० मध्ये मिळाला.