मुलांच्या न्यायालयापुढे उभा राहिलेला डॉक्टर

यानुश कोरचाक हे वॉर्सातील ज्यू बालरोगतज्ज्ञ. रशिया-जपान युद्धात त्यांनी रशियन सैन्यात डॉक्टर म्हणून काम केले. १९१२ मध्ये रुग्णालय सोडून ते ज्यू अनाथाश्रमाचे प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धात त्यांना पुन्हा सैन्यात जावे लागले.

अनाथाश्रमात मुलांची संसद होती, न्यायालय होते आणि न्यायाधीशही मुलेच. मोठ्यांविरुद्धही तक्रार करता येई. स्वतः कोरचाक त्या न्यायालयापुढे उभे राहिले. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनी लिहिलेले वृत्तपत्र सुरू केले.

१९४० मध्ये नाझींनी अनाथाश्रम घेट्टोत हलवायला लावला. मुलांच्या अन्नासाठी कोरचाक दारोदार फिरले. स्वतःच्या सुटकेची संधी त्यांनी नाकारली. ऑगस्ट १९४२ मध्ये सुमारे २०० मुले आणि सहकारी स्टेफानिया विल्चिन्स्का यांच्यासह त्यांना ट्रेब्लिंका मृत्युछावणीत नेऊन मारण्यात आले.

पुढे पोलंडच्याच पुढाकारातून १९८९ चा बालहक्क करार झाला. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. तरीही आपल्या किती वसतिगृहांत मूल अधीक्षकाविरुद्ध निर्भयपणे तक्रार करू शकते? कार्यकर्त्यांनी वसतिगृहात गेल्यावर जेवणाआधी हे विचारावे.