मुलांच्या न्यायालयात उभे राहणारे डॉक्टर

निराधार मुलाला छप्पर आणि दोन वेळचे जेवण दिले की समाजाचे कर्तव्य संपले, अशी समजूत आजही आढळते. पोलंडमधील बालरोगतज्ज्ञ व लेखक यानुश कोर्चाक यांनी ती शंभर वर्षांपूर्वीच नाकारली. मूल मोठे होण्याची वाट न पाहता आजच त्याला माणूस म्हणून मान मिळायला हवा, या विचारावर त्यांनी आपले बालगृह चालवले.

कोर्चाक यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. वॉर्सातील सुशिक्षित ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांनी वेळेवर नोंद न केल्याने जन्मवर्ष १८७८ की १८७९, हे अनिश्चितच राहिले. पेशाने वकील असलेल्या वडिलांना मानसिक आजार जडला आणि घराची घडी विस्कटली. शाळकरी वयातच हेन्रिक शिकवण्या करून घराला हातभार लावू लागले. १८९८ मध्ये एका साहित्यस्पर्धेसाठी घेतलेले कोर्चाक हे टोपणनाव पुढे कायम झाले.

डॉक्टर झाल्यावर त्यांनी मुलांच्या रुग्णालयात काम केले. मात्र गरिबांच्या घरची उपासमार औषधाने हटणारी नव्हती. अखेर १९१२ मध्ये क्रोख्माल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी बांधलेल्या नव्या गृहाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. दैनंदिन कारभाराचा भार स्टेफानिया विल्चिन्स्का यांनी उचलला. कोर्चाक अविवाहित राहिले. हे गृह हाच त्यांचा संसार ठरला.

या गृहात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच असत. नियमावलीतील बहुसंख्य कलमे क्षमेची होती. तक्रार मोठ्यांविरुद्धही करता येत असे. खुद्द कोर्चाक यांनी सहा महिन्यांत पाच वेळा स्वतःला या न्यायालयापुढे उभे केले. त्यांतील एक प्रसंग मुलाच्या कानशिलात मारल्याचा होता. नव्याने आलेल्या मुलाची जबाबदारी गृहातल्याच एखाद्या जुन्या मुलाकडे सोपवली जाई. मारामारी कमी करण्याची पैज मुले डॉक्टरांशी लावत आणि जिंकली की गोळ्या मिळवत. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनीच लिहिलेले वृत्तपत्रही सुरू केले.

नाझी राजवटीने १९४० मध्ये हे गृह वॉर्साच्या बंदिस्त ज्यू वस्तीत हलवायला लावले. मुलांसाठीचे बटाटे जप्त झाल्याची दाद मागायला गेलेल्या कोर्चाक यांनाच तुरुंगात टाकण्यात आले. सुटल्यावर आजारी शरीराने ते मुलांच्या अन्नासाठी दारोदार फिरत राहिले. १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे 'डाकघर' हे नाटक सादर केले. खोलीत कोंडलेल्या आणि मृत्यूच्या वाटेवर असलेल्या अमलची ही कथा त्यांनी मुलांसाठी मुद्दाम निवडली होती.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंका छावणीकडे नेण्यात आले. बाहेर पडण्याची संधी कोर्चाक यांना याआधी अनेकदा देऊ करण्यात आली होती. त्यांनी ती घेतली नाही. स्टेफानियाही सोबत गेल्या. त्यांच्यापैकी कोणीही परतले नाही.

पुढे पोलंडच्याच पुढाकाराने बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराची चर्चा सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांनी तो १९८९ मध्ये संमत केला आणि भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. आपल्याविषयीच्या निर्णयांत मत मांडण्याचा मुलाचा हक्क त्यात नोंदवलेला आहे. कोर्चाक यांच्या गृहात तो १९८९ च्या कितीतरी आधी अमलात आला होता. आजच्या कोणत्याही बालगृहाची पारख करताना तिथल्या मुलाला तक्रार करता येते का आणि ती ऐकली जाते का, हे आधी पाहावे लागेल.