लक्ष्मणरावांचे न खपलेले नांगर



स्मरणिकेसाठी आपल्या भागातल्या एखाद्या मोठ्या माणसावर लिही, असा निरोप आला आणि मला शाळेची किर्लोस्करवाडीची सहल आठवली. आपले सगळे लक्ष डब्याकडे आणि परतीच्या गाण्यांच्या भेंड्यांकडे होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मला खरे कळले ते पुढे कितीतरी वर्षांनी, माझा स्वतःचा धंदा अडला तेव्हा.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत त्यांचे मन रमेना; ओढ चित्रांची आणि यंत्रांची. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडावी लागली. मग यांत्रिक रेखांकन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली.

भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात १८८८ मध्ये सायकलींचे दुकान सुरू झाले होतेच. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायच्या. शिकवणीचे पंधरा रुपये. म्हणजे माल दुसऱ्याचा, मेहनत आपली. पण त्याच दुकानाशेजारी छोटे वर्कशॉप उभे राहिले. आधी कडबा कापायचे यंत्र तयार झाले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर पडून राहिले. पहिला खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या रानात हराळी आणि कुंदा मुळासकट उपटायला लाकडी नांगर पुरत नसे, हे त्यांनाही ठाऊक होते. पण जमीन हेच ज्याचे सर्वस्व, तो नव्या वस्तूला सहजासहजी रानात कसा घालणार? लोखंडी फाळ खोल जातो आणि पीकही बिघडत नाही, हे डोळ्यांनी दिसल्यावरच विश्वास बसत गेला.

धंदा रुळतो तोच बेळगावची जागा सोडायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगांनी भरलेला माळ दिला आणि बिनव्याजी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

आता माझे थोडे. पुण्यात माझी अकरा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कर्ज नाही, गुंतवणूकदार नाही. वर्षानुवर्षे आम्ही इतरांची कामे तासांच्या हिशेबाने करून दिली. त्यातून शिल्लक टाकून दूध संकलन केंद्रांसाठी स्वतःचे सॉफ्टवेअर बनवले. वर्षभर एकही गिऱ्हाईक आले नाही. गावातल्या लोकांना नवे नकोच असते, असे मी चिडून म्हणत राहिले. आष्ट्याची पोर असून!

लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना त्या पडून राहिलेल्या नांगरांपाशी मी थांबले. मग पहाटे पाचला एका केंद्रावर जाऊन बसले. ओले हात, मागे रांग, आणि माझ्या पडद्यावर बारीक बटणांची गर्दी. अडाणी ते नव्हते, मी होते. बटणे मोठी केली, निम्म्या गोष्टी काढून टाकल्या. आज नऊ केंद्रांवर ते चालते. पगार अजून जुन्याच कामांतून निघतात. ते दुकान बंद करायची घाई मी करणार नाही. लक्ष्मणरावांनीही केली नव्हती.

कार्यक्रमाला आलात की एकदा किर्लोस्करवाडीला जाऊ या. या खेपेला मी कारखाना नीट बघणार आहे. डबा मात्र कुणीतरी आणा.