ऑयलर आणि अंकांचा चौकोन

वर्तमानपत्रांत येणारें सुडोकू नांवाचें कोडें आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. ८१ घरांच्या चौकोनांत १ ते ९ हे अंक असे भरावयाचे, कीं कोणत्याहि आडव्या ओळींत, उभ्या ओळींत किंवा नऊ घरांच्या लहान चौकोनांत एकहि अंक पुन्हां येऊं नये. हें नांव जपानांत १९८४ सालीं पुढें आलें. परंतु अशा चौकोनांच्या गणिताचा पाया घालणारे लेओनार्ड ऑयलर त्यापूर्वीं दोनशें वर्षें होऊन गेले. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ऑयलर ह्यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजीं स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरीं झाला. वडील धर्मोपदेशक होते, व मुलानेंहि तीच सेवा पत्करावी अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नुली ह्या थोर गणित्यानें मुलाची बुद्धि ओळखून वडिलांची समजूत घातली. १७२७ सालीं ऑयलर रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्सभेंत गेले. तिशीच्या सुमारास त्यांचा उजवा डोळा गेला. मध्यंतरीं पंचवीस वर्षें बर्लिन येथें काढून ते १७६६ सालीं पीटर्सबर्गास परतले. पुढें दुसऱ्या डोळ्यांत मोतीबिंदु झाला, आणि १७७१ सालीं शस्त्रक्रियेनंतर तीहि दृष्टि जवळजवळ नाहींशी झाली. त्याच वर्षीं त्यांचें घर आगींत जळालें. तरीहि काम थांबलें नाहीं; ते तोंडानें सांगत, आणि मुलगा व शिष्य लिहून घेत.

अशा स्थितींत १७७९ सालीं त्यांनीं विद्वत्सभेपुढें एक कोडें मांडिलें. सहा पलटणींतून प्रत्येकीं सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे, असे ३६ अधिकारी घ्यावे. त्यांस सहा ओळींच्या चौकोनांत असें उभें करावें, कीं प्रत्येक आडव्या व उभ्या ओळींत प्रत्येक पलटणीचा एक व प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी येईल. तीन, चार किंवा पांच ओळींचा असा चौकोन साधतो. सहांचा मात्र साधेना. तेव्हां सहा, दहा, चौदा, अठरा अशा संख्यांचे चौकोन होणेंच नाहींत, असा तर्क त्यांनीं केला. त्याची पूर्ण सिद्धता आपणांपाशीं नाहीं, हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं.

१८ सप्टेंबर १७८३ रोजीं ते वारले. तर्क मागें राहिला. १९०० च्या सुमारास गास्तों तारी ह्या फ्रेंच गृहस्थानें एकेक शक्यता हातानें तपासून सहांपुरता तो खरा ठरविला. परंतु १९५९ सालीं राजचंद्र बोस व शरच्चंद्र श्रीखंडे ह्या भारतीय गणित्यांनीं बावीस ओळींचा, व अमेरिकेच्या पार्कर ह्यांनीं दहा ओळींचा चौकोन रचून दाखविला. पुढें तिघांनीं मिळून, सहांच्या वरील सर्व संख्यांचे असे चौकोन होतात, हें सिद्ध केलें. हेच श्रीखंडे नंतर मुंबई विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक झाले.

विद्यार्थी मित्रहो, रिकाम्या घरांत अंक लिहितांना तो कां लिहिला, हें स्वतःस विचारीत जा. कारण देतां आलें तर ती सिद्धता. न आलें तर तो केवळ तर्क. हा भेद ऑयलर ह्यांनीं अंधत्वांतहि पाळिला. म्हणूनच त्यांची चूक उघड झाली, तरी त्यांची थोरवी तिळमात्र उणी झाली नाहीं.