व्याधी आणि प्रार्थना : आचार्य विनोबा भावे

देवदर्शनास येणाऱ्या अनेक भाविकांच्या घरी कोणी ना कोणी आजारी असते. कोणी नवस बोलण्यास येतो, कोणी फेडण्यास. औषधोपचार चालू असतानाही मनुष्य देवापुढे हात का जोडतो, याचे उत्तर वर्धा जिल्ह्याला आपली कर्मभूमी मानणारे आचार्य विनोबा भावे यांच्या चरित्रात सापडते.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे येथे झाला. भक्तीचे संस्कार त्यांना मातोश्री रुक्मिणीबाईंकडून लाभले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मातोश्रींचे देहावसान झाले. सुबोध मराठीत गीता वाचावयास मिळावी, ही त्या माउलीची इच्छा विनोबांनी पुढे ‘गीताई’ रचून पूर्ण केली. ८ एप्रिल १९२१ रोजी महात्मा गांधींच्या आज्ञेने ते वर्ध्यास आले.

अखंड परिश्रमांमुळे १९३८ मध्ये विनोबांची प्रकृती फार खालावली. वजन अवघे ८८ पौंड उरले. गांधीजींनी त्यांना सर्व चिंता सोडून हवापालटासाठी जाण्यास सांगितले. थंड हवेच्या दूरच्या ठिकाणाऐवजी विनोबांनी धाम नदीकाठी पवनार येथील जमनालाल बजाज यांचा बंगला निवडला. नदीचा पूल ओलांडताना, आपण सर्वस्वाचा त्याग केला आहे, असा संकल्प त्यांनी तीन वेळा उच्चारला. पुढील दिवस विश्रांती, ईश्वरचिंतन आणि झेपेल तेवढे खोदकाम यांत गेले. हळूहळू प्रकृती सुधारली. याच भूमीत खोदताना भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्प प्रकट झाले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये गीतेवर प्रवचने देताना याच भेटीचे चित्र त्यांनी मनात रेखाटले होते. शिल्पाचा लाभ ही ईश्वरकृपा मानून त्यांनी त्याची स्थापना केली.

डिसेंबर १९५२ मध्ये भूदान पदयात्रेत चांडिल येथे त्यांना तीव्र हिवताप जडला. प्रारंभी त्यांनी औषध नाकारले. परंतु स्नेह्यांच्या आग्रहास मान देऊन अखेर ते घेतले व ते बरे झाले. औषध घेतल्याने श्रद्धेस उणेपणा येत नाही, हे भाविकांनी यावरून ध्यानी घ्यावे.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. जीवितकार्य पूर्ण झाले असे जाणून त्यांनी अन्न, जल व औषध वर्ज्य केले आणि १५ नोव्हेंबर रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, शांतपणे देह ठेवला.

पवनारच्या त्याच तीरावर एकदा आरोग्य परत आले आणि एकदा मृत्यू आला. दोन्ही वेळी विनोबांनी आपला भार ईश्वरावर सोपविला होता. रोग बरा होणे मनुष्याच्या हाती नसते. भार उतरवून ठेवणे मात्र हाती असते. दुःखात प्रार्थनेकडे पावले वळतात ती यासाठीच.

वर्धा-नागपूर मार्गावरील पवनार आश्रमास भाविकांनी अवश्य भेट द्यावी व भरत-रामाचे दर्शन घ्यावे.